देव्हाऱ्यातली देवी आणि घरातली बाई

महिला गटाच्या बैठकीत दारूचा विषय निघतो, मारहाणीचा निघतो, रेशनचा निघतो. देवाचा विषय मात्र आपण होऊन कुणी काढत नाही. तो आडून येतो. मंगळवारी बैठक नको, बायकांचा उपास असतो. पौष पौर्णिमेच्या आठवड्यात शिबिर नको, सगळ्या मांढरदेवला जाणार. नवरात्रात तर हाकच मारायला नको. आपण वेळापत्रक बदलतो आणि पुढे जातो. ज्या गोष्टीसाठी बाई आपलं सगळं वेळापत्रक बदलते, त्या गोष्टीबद्दल तिच्याशी बोलायचं मात्र आपण टाळतो.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत घरोघर फिरताना मला हे टाळणं फार खटकतं. वाई, खंडाळा, कोरेगाव भागात अनेक घरांत काळूबाई आहे. जत, मिरज, कवठेमहांकाळ या बाजूला यल्लम्मा आहे. कुठे पितळेचा मुखवटा आहे, कुठे चांदीचे टाक, कुठे टोपलीत बसवलेला, साडी नेसवलेला देवीचा ‘जग’. घर दोन खोल्यांचं असो की दहा खोल्यांचं, एक कोपरा तिचा असतो. आणि त्या कोपऱ्याभोवती त्या घरातल्या बायकांचं निम्मं आयुष्य फिरत असतं.

या प्रश्नावर आपल्या चळवळीत ढोबळमानाने दोन मतं आहेत. एक मत असं, की ही ज्याची त्याची श्रद्धा आहे, आपण त्यात पडू नये; पडलो तर बायका तुटतील. दुसरं मत असं, की ही सगळी अंधश्रद्धा आहे, बाईला गुलाम ठेवण्याचं साधन आहे, ते स्पष्टपणे सांगितलंच पाहिजे. दोन्ही मतांमागे प्रामाणिकपणा आहे. पण दोन्ही मतं मानणारी कार्यकर्ती देव्हाऱ्यापर्यंत पोचतच नाही. पहिली उंबऱ्याबाहेर थांबते. दुसरी आत जाते, भाषण करते आणि परत येते. त्या घरातल्या सुनेचं त्यातून काही हलत नाही.

देवी आहे की नाही, या प्रश्नापासून आपण सुरुवातच करू नये, असं माझं मत आहे. सुरुवात करावी ती साध्या प्रश्नांनी. या देवीसाठी कोण राबतं? तिच्यासाठी लागणारा पैसा कुठून येतो? तिच्या नावाने कुणाच्या शरीराला काय सोसावं लागतं? आणि तिच्यावर, तिच्या घरावर, हक्क कुणाचा आहे?

राबण्यापासूनच सुरू करू. घटस्थापनेच्या आधी घर सारवणं किंवा धुऊन काढणं, अंथरूण-पांघरूण नदीवर नेऊन धुणं, भांडी घासून लख्ख करणं, नऊ दिवस उपास करून इतरांसाठी मात्र स्वयंपाक करणं, पुरणावरणाचा नैवेद्य, सवाष्णी जेवू घालणं, ही सारी कामं बाईची. बहुतेक घरांत घट बसवायला आणि आरतीचं ताट धरायला मात्र कर्ता पुरुष येतो. बाईला पाळी आली की तिने देव्हाऱ्याच्या खोलीतही यायचं नाही. नवरात्रात पाळी येऊ नये म्हणून गोळ्या घेणाऱ्या बायका आणि मुली आपल्यापैकी प्रत्येकीला माहीत आहेत. अनेकजणी डॉक्टरला न विचारता थेट औषधाच्या दुकानातून गोळ्या आणतात. नवरा वारला की त्याच बाईला देवीची ओटी भरता येत नाही, हळदीकुंकवाला तिला बोलावणं नसतं. म्हणजे देवी बाईच, तिची सेवा करणारी बाईच, पण देवीजवळ जायची परवानगी बाईच्या शरीरावर आणि तिच्या नवऱ्याच्या जिवंत असण्यावर अवलंबून.

सार्वजनिक देवळांच्या बाबतीत आपण लढलो. विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली स्पष्ट केलं, की देवळात जाणं हा बाईचा मूलभूत हक्क आहे आणि त्याचं रक्षण करणं हे सरकारचं काम आहे. मुळात १९५६ पासूनच महाराष्ट्रात हिंदूंच्या सार्वजनिक पूजास्थानांत प्रवेशाचा कायदा आहे. त्या एप्रिलमध्ये शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायका गेल्या. पंढरपुरात २०१४ नंतर रुक्मिणीच्या पूजेला स्त्री पुजारी आल्या. हे सगळं महत्त्वाचं आहे. पण यातलं काहीही घरातल्या देव्हाऱ्याला लागू होत नाही. घराच्या आत सासूचा, दिराचा, भावकीचा नियम चालतो. शिंगणापूरच्या चौथऱ्यावर चढायचा हक्क मिळालेल्या बाईला चार दिवस स्वतःच्या घरातल्या देवीसमोर दिवा लावता येत नाही, ही आजची स्थिती आहे.

मग इतकं सगळं असून बाई या देवीला धरून का राहते? याचं उत्तर ‘अडाणीपणा’ असं देऊन आपण मोकळ्या होतो. ते खरं नाही. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या बायकाही हे करतात. थोडं जवळून पाहिलं तर दिसतं, की घरातली देवी ही बाईला कित्येकदा त्या घरातली एकमेव ऐकणारी असते. माहेरी सांगायची सोय नाही, शेजारी सांगितलं तर बोभाटा होतो, पोलिसांत गेलं तर ‘घरात मिटवा’ म्हणतात. ती देवीपुढे बसून रडते. मंगळवारचा उपास हा तिच्या हातातला, तिने ठरवलेला, कुणी मोडू न शकणारा एक दिवस असतो. यात्रा हा वर्षातला घराबाहेर पडायचा, चार बायकांबरोबर मोकळं हसण्याबोलण्याचा एकमेव प्रसंग असतो. नवरा एरवी माहेरी पाठवत नाही, पण देवीला ‘नाही’ म्हणायची त्याची छाती होत नाही.

अंगात येण्याचंही असंच आहे. एरवी ज्या सुनेचा आवाज ऐकू येत नाही, ती अंगात आलं की नवऱ्याचं नाव घेऊन त्याला दारू सोड म्हणून खडसावते आणि सगळं घर तिच्यासमोर हात जोडून उभं राहतं. घटकाभराने वारं उतरतं, ती पुन्हा चुलीपुढे जाते. त्या घटकेत तिने जे मागितलं ते तिचं स्वतःचं मागणं असतं. ते मागण्यासाठी तिला देवी व्हावं लागतं, हा दोष तिच्या डोक्याचा नाही, त्या घराचा आहे. आपला गट जर तिचं तेच म्हणणं एरवीच्या दिवशी, एरवीच्या आवाजात ऐकून घेणार असेल, तरच तिला त्या वाऱ्याची गरज उरणार नाही.

२५ जानेवारी २००५ रोजी, शाकंभरी पौर्णिमेला, मांढरदेवच्या डोंगरावर चेंगराचेंगरी झाली. नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, अरुंद वाट, दुकानांना लागलेली आग, फुटलेले गॅसचे सिलिंडर यांत २९० हून अधिक माणसं गेली. त्यांत बायका आणि मुलं फार मोठ्या संख्येने होती. घरातला देव डोक्यावर घेऊन गडावर भेटीला नेणारे भाविक तिथे दरवर्षी जातात, तसे त्याही वर्षी गेले होते. नंतर पुष्कळ लोकांनी हळहळ व्यक्त करताना ‘कशाला जातात या बायका?’ असंही म्हटलं. मला वाटतं, हा प्रश्न विचारायचाच असेल तर पूर्ण विचारावा. त्या बायकांना वर्षभर दुसरीकडे कुठे जायची सोय आपण ठेवली होती? आणि लाखो माणसं येणार हे माहीत असताना वाट रुंद करणं, पायऱ्या कोरड्या ठेवणं, दुकानं दूर हलवणं हे कुणाचं काम होतं? न्यायमूर्ती कोचर आयोग नेमला गेला, त्यानंतर यात्रेच्या व्यवस्थेत बदल झाले, पशुहत्येला आणि वाद्यांना बंदी आली. म्हणजे श्रद्धा तशीच राहूनही व्यवस्था बदलता येते. हा धडा घरातल्या देव्हाऱ्यालाही लावता येईल.

पण इथेच थांबलं तर आपण फक्त सहानुभूती दाखवणाऱ्या ठरू. घरातली देवी काही वेळा बाईचं शरीरच मागते, म्हणजे देवीच्या नावाने घरातली आणि गावातली माणसं ते मागतात. एखाद्या मुलीच्या केसांत गुंता होतो, नीट धुतले-विंचरले जात नाहीत, जट तयार होते. ‘यल्लम्माने बोलावलंय’ असं कुणीतरी सांगतं. मग जटेला कंगवा लावायचा नाही, कापायची नाही, भंडारा लावायचा. मान दुखते, डोक्यात उवा होतात, वास येतो, मुलीची शाळा सुटते. पूर्वी याच जटेच्या खुणेवरून मुलगी देवीला सोडली जायची. तिच्या गळ्यात देवीचे मोती बांधले, की तिचं लग्न देवाशी लागलं असं मानलं जायचं आणि पुढे तिच्या देहावर गावातल्या पैसेवाल्याचा हक्क चालायचा. यातल्या बहुतेक सगळ्या मुली दलित आणि गरीब घरांतल्या असत, हे विसरून चालणार नाही. सवर्ण घरांतही यल्लम्मा पुजली जाते, पण तिथली मुलगी सोडली जात नाही. देवी एकच, नियम मात्र जात पाहून.

याविरुद्धचा लढा जुना आहे. १९३४ चा मुंबई प्रांताचा कायदा, गडहिंग्लजला १९७५ साली बाबा आढावांच्या पुढाकाराने झालेली देवदासी परिषद, कर्नाटकचा १९८२ चा कायदा, महाराष्ट्राचा २००५ चा कायदा. डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचेच. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला आणि ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले तो जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी झाला. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी, विशेषतः कार्यकर्त्या बायकांनी, कितीतरी जणींना जटेतून सोडवलं. हे काम भाषणाने होत नाही. त्या बाईच्या घरी पुन्हा पुन्हा जाऊन, तिची भीती ऐकून घेऊन, ‘जट काढल्यावर काही झालं तर आम्ही आहोत’ असं सांगून ते होतं.

त्या कायद्यातली एक गोष्ट आपण नीट पाहिली पाहिजे. घरी, देवळात, दर्ग्यात केलेली पूजाअर्चा, ज्यातून शारीरिक इजा किंवा आर्थिक नुकसान होत नाही, तिला हा कायदा हात लावत नाही. विरोधकांनी ‘घरातली पूजा बंद होणार’ असा अपप्रचार खूप केला, तो खोटा होता. कायद्याने रेघ ओढली ती शरीर आणि पैसा या दोन ठिकाणी. आपल्या कामालाही ही रेघ उपयोगी आहे. मी तिच्यात तिसरी गोष्ट घालीन, ती म्हणजे हक्क.

देवदासींच्या प्रश्नातच हा हक्क लपलेला आहे. सांगलीत वेश्या अन्याय मुक्ती परिषदेच्या बायका १९९६ पासून संघटितपणे बोलत आहेत. त्यांच्यात देवीला सोडलेल्या बायका पुष्कळ आहेत. ‘आम्हाला सुटका नको, सन्मान हवा’ ही त्यांची भूमिका आपल्यातल्या अनेकींना पटत नाही, तो वाद आपल्यात चालू राहील. पण त्या वादात एक गोष्ट निसटते. परंपरेने देवीला सोडलेली मुलगी घरात मुलाच्या जागी मानली जात असे. ती माहेरीच राहायची, आईबापांना सांभाळायची, वारसा तिच्याकडे यायचा. याचा अर्थ असा, की या समाजात मुलीला बापाच्या घरात राहण्याचा हक्क हवा असेल तर तिला आधी लग्नाचा हक्क सोडून, स्वतःचा देह देऊन तो घ्यावा लागत होता. इतकी किंमत मोजून जो हक्क मिळायचा तो आज कायद्याने प्रत्येक मुलीला आहे. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने हिस्सा दिला, २००५ साली देशभर तो मिळाला, आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की २००५ ला बाप हयात नसला तरी मुलीचा हक्क जात नाही.

प्रत्यक्षात काय होतं? बाप गेल्यावर तलाठ्याकडे वारस नोंद होते आणि त्यापाठोपाठ बहिणींच्या हक्कसोडपत्रावर सह्या होतात. सही केली नाही तर माहेर तुटेल, ही भीती. आणि ‘माहेर’ म्हणजे काय, तर घरातली देवी, नवरात्रातली ओटी, भाऊबीजेची साडी. वाटणीत देव थोरल्या भावाकडे जातात, जमीन सगळ्या भावांकडे जाते, बहिणीकडे चोळीचा खण येतो. ‘देवाच्या घरात भांडण नको’ असं म्हणत बहिणीकडून सही घेतली जाते, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे. इथे देवी थेट सातबाऱ्यावर येऊन बसते. म्हणून देव्हाऱ्याचा प्रश्न आपण ‘वैयक्तिक श्रद्धा’ म्हणून सोडून देऊ शकत नाही.

गंमत अशी, की कायद्याच्या नजरेत विधिवत प्रतिष्ठापना केलेली, मालमत्ता अर्पण केलेली मूर्ती ही ‘व्यक्ती’ आहे. कलकत्त्याच्या मल्लिक कुटुंबात घरातली मूर्ती कुठे ठेवावी यावरून वाद झाला, तेव्हा १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलने सांगितलं, की मूर्ती ही कुणाची वस्तू नव्हे, तिच्या इच्छेचा विचार झाला पाहिजे आणि तिच्या वतीने बोलायला त्रयस्थ माणूस नेमावा. पुढे १९५१ साली अंगूरबाला मल्लिक यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की देवाची व्यवस्था पाहण्याचा अधिकार ही मालमत्ता आहे आणि तो विधवेलाही वारसाने मिळतो. म्हणजे ‘नवरा गेला, आता देवाला शिवू नको’ असं सांगणाऱ्या भावकीपेक्षा कायदा सत्तर वर्षांहून जास्त काळ पुढे आहे. दगडाच्या मूर्तीचं म्हणणं ऐकायला न्यायालय माणूस नेमतं. घर कुठे बांधायचं, देव कुठे ठेवायचे, जमीन विकायची का, हे बोलू शकणाऱ्या सुनेला कुणी विचारत नाही.

बाईला ‘लक्ष्मी’ म्हणणं सोपं असतं. १९९० च्या सुमाराला शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम काढली तेव्हा शरद जोशींनी शेतकऱ्यांना सांगितलं, की घरच्या लक्ष्मीचं देणं फेडायचं तर जमीन तिच्या नावावर करा. १९९२ साली शासनानेही परिपत्रक काढून नवऱ्याच्या हयातीत सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावायची सोय केली. २००३ साली गावातलं घर नवरा-बायको दोघांच्या नावे नोंदवण्याचा आदेश निघाला. देवीच्याच भाषेत बोलून तिला जमिनीवर आणता येतं, हे त्या मोहिमेने दाखवलं. आज आपल्या किती गटांनी आपल्या गावात या सोयींचा पाठपुरावा केला आहे, हे आपण एकमेकींना विचारायला हवं.

आता प्रत्यक्ष काय करायचं? माझ्या सूचना साध्या आहेत.

एक, गटात देवीच्या खर्चाचा आणि श्रमाचा हिशेब मांडावा. नवरात्र, जत्रा, देवऋषी, कौल, कोंबडं-बकरं यांवर वर्षाला किती गेले आणि त्यातले किती बचत गटाच्या कर्जातून किंवा सावकाराकडून आणले, हे प्रत्येकीने स्वतः लिहावं. आपण टीका करायची नाही. कागदावरचा आकडा पाहून बायका आपसांतच बोलू लागतील.

दोन, शरीराला इजा होत असेल तिथे गप्प बसायचं नाही. जट असलेली मुलगी, देवीला सोडायची बोलणी चाललेली मुलगी, आजारावर डॉक्टरऐवजी देवऋषी, पाळी लांबवायच्या गोळ्या, इथे लगेच घरी जायचं, डॉक्टर आणि गरज पडली तर कायदा बरोबर घ्यायचा.

तीन, विटाळ आणि वैधव्य यांचा नियम आपल्या गटातल्या एखाद्या घरापासून मोडायचा. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यात हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं बंद करायचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात शासनाने इतर ग्रामपंचायतींनीही तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. आपल्या ग्रामसभेत हा ठराव मांडणं आपल्या हातात आहे. पण ठरावापुढे जाऊन, पुढच्या नवरात्रात देवीची पहिली ओटी गटातल्या विधवा बाईच्या हातून भरली जाईल, हे ठरवावं.

चार, हक्कसोडपत्रावर सही करण्याआधी गटात यायचं, हा प्रत्येकीचा नियम करावा. हक्क सोडायचा की नाही हे तिने ठरवावं, पण काय सोडतो आहोत हे समजून.

काही मैत्रिणी म्हणतील, हे तडजोडीचं बोलणं झालं, देव्हारा तसाच ठेवून स्त्रीमुक्ती कशी येणार? त्यांची शंका रास्त आहे. धर्माच्या नावाने बायकांना घरात कोंडायचे प्रयत्न आजूबाजूला चाललेले असताना देवीची भाषा वापरणं धोक्याचं आहेच. म्हणून ती भाषा आपण आपली करायची नाही. ती बाईची आहे, आपण ती ऐकायची. आपली भाषा श्रमाची, पैशाची, शरीराची आणि हक्काची. ज्या घरात बाईच्या नावावर घर आहे, हातात पैसा आहे, नवऱ्याने हात उगारला तर धावून येणारा गट आहे, त्या घरातली देवी आपोआप लहान होते किंवा नुसती सणाची उरते, असा माझा अनुभव आहे. ज्या घरात यातलं काही नाही, तिथे मूर्ती उचलून नदीत सोडली तरी भीती तशीच राहते, आणि आठवड्याभरात दुसरी मूर्ती येते.

यल्लम्माची, म्हणजे रेणुकेची गोष्ट आपल्या भागातल्या प्रत्येक बाईला पाठ आहे. नवऱ्याने संशय घेतला आणि त्याच्या हुकमावरून पोटच्या पोराने तिचं मुंडकं उडवलं. रांडाव पुनवेला तिच्यासाठी बांगड्या फुटतात, अहेव पुनवेला पुन्हा भरल्या जातात. बायका ही गोष्ट शतकानुशतकं सांगत आल्या, कारण ती त्यांना ओळखीची वाटते. पुढच्या बैठकीत ही गोष्ट सांगायला लावा आणि मग एवढंच विचारा, की रेणुकेचं नेमकं काय चुकलं होतं? बायका काय उत्तरं देतात ते लिहून ठेवा आणि इथे कळवा.